सनद, मिशन आणि भाषा : सेरामपूर महाविद्यालयाच्या विद्यापीठीय अधिकाराचा इतिहास

भारतातील आधुनिक विद्यापीठांचा इतिहास १८५७ पासून सुरू करण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठांची स्थापना झाली आणि उच्च शिक्षणाची राजकीय चौकट निश्चित झाली. तथापि त्याच्या तीस वर्षे आधी, २३ फेब्रुवारी १८२७ रोजी, डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने हुगळीकाठच्या एका मिशनरी महाविद्यालयाला पदव्या देण्याचा अधिकार सनदेने बहाल केला होता. ते महाविद्यालय म्हणजे बंगालमधील सेरामपूर अथवा श्रीरामपूर येथील महाविद्यालय होय. या सनदेच्या आधारे पहिल्या पदव्या प्रत्यक्षात दिल्या गेल्या त्या मात्र ४ डिसेंबर १९१५ रोजी. अधिकार मिळाला आणि तो अठ्ठ्याऐंशी वर्षे वापरला गेला नाही, ही घटना शिक्षणसंस्थांच्या इतिहासात विरळा म्हणावी लागेल.

मराठीच्या अभ्यासकाला या घटनेत रस वाटण्याचे कारण उघड आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत मुद्रित गद्याच्या प्रकरणाचा आरंभ सेरामपूरच्या उल्लेखाने होतो. कॅरीचे व्याकरण, कॅरीचा कोश, पंडित वैजनाथ यांची भाषांतरे यांची नोंद घेतली जाते आणि पुढच्या पानावर कथानक मुंबईकडे वळते. या मांडणीत ‘सेरामपूर’ हे एकसंध नाव म्हणून वापरले जाते. वस्तुतः त्या नावाखाली मिशन, छापखाना आणि महाविद्यालय अशा तीन संस्था नांदत होत्या. त्यांची माणसे एकच होती. पण त्यांचे पैशाचे स्रोत, त्यांचे कायदेशीर स्थान आणि त्यांच्यावरचे नियंत्रण भिन्न होते. कोणत्या भाषेला तेथे किती काळ आश्रय मिळाला हे या भिन्नतेवर अवलंबून राहिले. त्या दृष्टीने सेरामपूरच्या कारभाराचा इतिहास हा भाषांच्या आश्रयाचाही इतिहास ठरतो.

१. वसाहत, मिशन आणि समाईक कोष

सेरामपूर ही १७५५ पासून डेन्मार्कची व्यापारी वसाहत होती. तिचे अधिकृत नाव फ्रेडरिक्सनगर. ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रदेशात मिशनऱ्यांना मुक्तपणे वावरण्याची परवानगी नव्हती. १७९३ मध्ये बंगालमध्ये आलेला विल्यम कॅरी काही वर्षे नीळ कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून राहिला. ऑक्टोबर १७९९ मध्ये जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड आपल्या सोबत्यांसह आले आणि त्यांनी डॅनिश संरक्षणाचा आसरा घेतला. जानेवारी १८०० मध्ये कॅरी त्यांना येऊन मिळाला. कर्नल ओले बी या डॅनिश गव्हर्नराच्या पाठिंब्यामुळे मिशनचे पाय तेथे रोवले गेले.

हे तिघे इंग्लंडमधील बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीने पाठवलेले होते. ही सोसायटी १७९२ मध्ये केटरिंग येथे स्थापन झाली होती आणि तिची साधने तुटपुंजी होती. सेरामपूरकरांनी म्हणूनच आपल्या निर्वाहाची व कार्याची तरतूद स्वतःच्या श्रमांतून केली. कॅरीचे फोर्ट विल्यम कॉलेजातील वेतन, मार्शमन दांपत्याच्या निवासी शाळांचे उत्पन्न आणि वॉर्डच्या देखरेखीखालील छापखान्याची मिळकत एका समाईक कोषात जमा होई. प्रत्येक कुटुंबाने गरजेपुरते घ्यावे आणि उरलेले कार्यास लावावे, असा हा रिवाज होता. १८०५ च्या त्यांच्या आपसांतील करारनाम्यात मिशनमधील कोणीही खाजगी संपत्ती साठवू नये हे तत्त्व नमूद झाले. पुढील सर्व वादांचे मूळ येथेच आहे. स्वतःच्या कमाईवर उभी राहिलेली संस्था आपल्याला पाठवणाऱ्या धर्मसंस्थेची मालमत्ता होते काय, हा प्रश्न आरंभी कोणी विचारला नव्हता.

२. मराठीचा आश्रय : छापखाना आणि फोर्ट विल्यम

लॉर्ड वेलस्ली याने १८०० मध्ये कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढले. कंपनीच्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणे हा त्याचा हेतू. १८०१ मध्ये कॅरीची तेथे बंगाली व संस्कृतसाठी नेमणूक झाली आणि थोड्याच काळात मराठीचे अध्यापनही त्याच्याकडे आले. शिकवण्यास पुस्तके नव्हती. ती तयार करणे भाग पडले. या गरजेतून कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूरला छापून निघाले. १८१० मध्ये त्याचा मराठी कोश प्रसिद्ध झाला आणि त्यासाठी मोडीचे खिळे वापरले गेले. पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर यांनी सेरामपूरला अक्षरे कोरण्याची जी परंपरा निर्माण केली, तिच्याशिवाय हे काम शक्य झाले नसते.

या कामात कॅरीचा मुख्य आधार होता तो मूळचे नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा यांचा. ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४), ‘हितोपदेश’ (१८१५), ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ (१८१६) ही मराठी पुस्तके त्यांच्या नावाशी निगडित आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या वंशावळीचे पुस्तकही याच मालिकेतले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबून एक गोष्ट पाहावी. हीच नावे काही वर्षे आधी बंगालीत अवतरली होती. रामराम बसू यांचे प्रतापादित्य-चरित्र १८०१ मध्ये, मृत्युंजय विद्यालंकार यांचे ‘बत्रिश सिंहासन’ १८०२ मध्ये निघाले. ‘हितोपदेश’ही बंगालीत त्याच सुमारास छापला गेला. प्रतापादित्य हा जेसोरचा जमीनदार-राजा. मोगलांशी झुंजलेल्या या बंगाली राजाचे चरित्र मराठीतील अगदी आरंभीच्या मुद्रित गद्यग्रंथांपैकी एक ठरावे, याचा उलगडा मराठी समाजाच्या अभिरुचीतून होत नाही. एका वर्गासाठी तयार झालेला पाठ्यक्रम दुसऱ्या वर्गाला लावण्यात आला, एवढाच त्याचा अर्थ. मराठी मुद्रित गद्याचा हा आरंभ मराठी वाचकासाठी झालेला नव्हता. तो इंग्रज परीक्षार्थीसाठी झाला होता.

बायबलच्या भाषांतराचा प्रवाह याला समांतर होता. मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि संपूर्ण नवा करार १८११ मध्ये मराठीत छापला गेला. या भाषांतरांच्या भाषेवर नागपूरकडील बोलीची छाप असल्यामुळे ती मुंबई-कोकणात उपयोगी पडत नाहीत, असा आक्षेप पुढे घेतला गेला. अमेरिकन मिशनने १८१७ मध्ये मुंबईत स्वतःचे मराठी मुद्रण सुरू केले आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा केंद्रबिंदू पश्चिम किनाऱ्याकडे सरकला.

येथे ध्यानात ठेवण्याजोगी बाब अशी की, महाविद्यालयाची स्थापना होण्यापूर्वीच सेरामपूरमधील मराठीचा भरभराटीचा काळ बहुतांशी सरला होता. मराठीचा संबंध छापखान्याशी आणि त्याच्या सरकारी गिऱ्हाइकाशी होता. १८३० च्या सुमारास फोर्ट विल्यममधील अध्यापनाची पदे रद्द झाली आणि तो आधारही सुटला.

३. १८१८ चा आराखडा

जुलै १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवेदनपत्रात सेरामपूरच्या त्रयीने एका महाविद्यालयाची योजना मांडली. आशियाई ख्रिस्ती व अन्य तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान शिकवणे हा तिचा उद्देश. त्याच वर्षी सेरामपूरहून ‘दिग्दर्शन’ व ‘समाचार दर्पण’ ही बंगाली नियतकालिके सुरू झाली होती. महाविद्यालय हा त्याच प्रयत्नांचा पुढचा टप्पा होता. संस्कृतचे भक्कम अध्ययन हा पाया, शास्त्रीय विषयांचे शिक्षण देशी भाषेतून, आणि इंग्रजी ही निवडक, पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी, अशी त्याची रचना होती. घाईने दिलेले इंग्रजी शिक्षण तरुणांना आपल्या लोकांपासून तोडील, अशी या त्रयीची धारणा होती. आरंभीच्या सदतीस विद्यार्थ्यांत ख्रिस्ती कुटुंबांतील मुलांबरोबर हिंदू मुलेही होती. गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने आश्रयदातृत्व पत्करले. हुगळीच्या काठावरील भव्य स्तंभांची इमारत १८२१ च्या सुमारास उभी राहिली. त्याच वर्षी आलेला जॉन मॅक हा विज्ञानाचा अध्यापक होता; त्याचा बंगालीतील रसायनशास्त्रावरचा ग्रंथ १८३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या आराखड्याचे वेगळेपण शेजारच्या दोन संस्थांशी तुलना केल्यास स्पष्ट होते. बिशप मिडलटन याने १८२० मध्ये कलकत्त्यासमोरील शिबपूर येथे बिशप्स कॉलेजची पायाभरणी केली. ते अँग्लिकन चर्चचे, अँग्लिकन धर्मसेवक घडवण्यासाठी उभारलेले आणि इंग्लंडमधील धर्मप्रसार संस्थेच्या नियंत्रणाखालचे होते. मायकेल मधुसूदन दत्त तेथे १८४० च्या दशकात ग्रीक व लॅटिन शिकले. कृष्णमोहन बंद्योपाध्याय पुढे तेथे अध्यापक झाले. दुसरीकडे स्कॉटिश चर्चच्या अलेक्झांडर डफ याने १८३० मध्ये राममोहन रॉय यांच्या साहाय्याने कलकत्त्यात इंग्रजी माध्यमाची शाळा काढली. एक संस्था पंथाच्या चौकटीत बंदिस्त, दुसरी सर्वांना खुली पण इंग्रजीला वाहिलेली. सेरामपूरने सर्वांना खुले राहून देशी भाषांचा मार्ग धरला. तिन्ही संस्था चर्चपुरस्कृत, तिन्ही हुगळीच्या परिसरातल्या. परंतु चर्चपुरस्काराचा अर्थ तिघींनी वेगवेगळा लावला.

४. मालकीचा वाद

महाविद्यालय उभे राहत असतानाच त्याच्या पाठीमागची संस्था दुभंगत होती. सोसायटीचा चिटणीस अँड्र्यू फुलर याच्या हयातीत सेरामपूरकरांना बरीच मोकळीक होती. १८१५ मध्ये त्याचे निधन झाले. नव्या समितीने सेरामपूरची मालमत्ता सोसायटीच्या विश्वस्तांच्या नावे असावी आणि कार्याची दिशा समितीने ठरवावी, असा आग्रह धरला. ही मालमत्ता आपल्या कमाईतून उभी राहिली आहे, ती धर्मकार्यासाठीच आहे, परंतु तिचा कारभार जागेवरच्या माणसांनी पाहावा, अशी सेरामपूरकरांची भूमिका होती. कलकत्त्यात आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी वेगळी चूल मांडली. महाविद्यालयावर होणारा खर्च हा धर्मप्रसाराच्या मूळ कार्यापासून दूर जाणारा आहे, अशी टीकाही इंग्लंडमध्ये होऊ लागली. मार्च १८२३ मध्ये वॉर्ड निवर्तला. अखेर १८२७ मध्ये सेरामपूर मिशन आणि सोसायटी यांची फारकत झाली.

डॅनिश सनदेचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावावा लागतो. जोशुआ मार्शमन १८२६ मध्ये युरोपात गेला तो दोन हेतूंनी : सोसायटीशी समेट होतो का पाहण्यासाठी आणि कोपनहेगनला जाऊन राजाकडून सनद मिळवण्यासाठी. पहिला हेतू फसला, दुसरा साधला. राजाच्या राज्यात त्या वेळी कोपनहेगन व कील अशी दोन विद्यापीठे होती; सेरामपूरची गणना तिसरे म्हणून होऊ लागली. सनदेने विद्यापीठाचा दर्जा दिला हे खरेच. परंतु संस्थापकांच्या तत्कालीन गरजेच्या दृष्टीने तिचे मोल आणखी एका गोष्टीत होते. तिने महाविद्यालयाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व दिले. कॅरी, जोशुआ मार्शमन आणि त्याचा पुत्र जॉन क्लार्क मार्शमन हे तिघे पहिले कौन्सिल म्हणून नेमले गेले. मालमत्ता आता मिशनची नव्हती, सोसायटीची नव्हती. ती महाविद्यालयाच्या कौन्सिलची होती. विद्यापीठाचा अधिकार हा येथे पुरस्कर्त्या धर्मसंस्थेपासून बचावाचे साधनही होता.

५. १८३३ ची नियमावली

सनदेला जोडून १२ जून १८३३ रोजी कौन्सिलने नियमावली मंजूर केली. तिच्या तरतुदींत संस्थेचे दोन चेहरे एकत्र दिसतात. ख्रिस्ती धर्माचा प्रसार हा संस्थापकांचा मूळ हेतू असल्याने, ख्रिस्ताचे देवत्व व त्याचे प्रायश्चित्त यांना विरोध करणाऱ्या कोणालाही कौन्सिलवर अथवा अध्यापकपदी घेऊ नये. नेमणुकीनंतर कोणाचे मत पालटले आणि ते त्याच्या शिकवण्यातून वा लेखनातून सिद्ध झाले तर त्याने पद सोडावे. येथे पंथाचे नाव नाही. बॅप्टिस्ट असण्याची अट नाही. अट आहे ती दोन सिद्धान्तांची. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर ही अटही नाही. ख्रिस्ती धर्माच्या कोणत्याही शाखेचे, प्रॉटेस्टंट असोत वा रोमन कॅथलिक, ग्रीक असोत वा आर्मेनियन, आणि तसेच हिंदू व मुसलमान तरुण घेता येतील. जात, वर्ण वा देश यांपैकी कशाच्याही आधारे कोणाचा प्रवेश रोखला जाणार नाही, असे नियमावलीने निःसंदिग्धपणे सांगितले.

या तरतुदींचे महत्त्व त्या काळाशी ताडून पाहावे. ऑक्सफर्ड व केंब्रिजमध्ये त्या वेळी अँग्लिकन पंथाबाहेरच्यांना पदवी मिळत नव्हती. खुद्द कॅरी व मार्शमन यांच्यासारख्या डिसेंटर मंडळींना इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांची दारे बंद होती. आपल्यावर लादली गेलेली कसोटी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांवर लादली नाही. कारभाऱ्यांवर मात्र श्रद्धेची कसोटी त्यांनी कायम ठेवली. चर्चपुरस्कृत विद्यापीठाच्या रचनेतील एक मूलभूत ताण येथे स्पष्टपणे लेखी झाला : शिकण्याचा हक्क सर्वांचा, निर्णयाचा हक्क एका श्रद्धेच्या लोकांचा.

६. वापराविना पडून राहिलेला अधिकार

नियमावली मंजूर झाली तेव्हा महाविद्यालयाची आर्थिक घडी विस्कटत होती. १८३० ते १८३४ या काळात कलकत्त्यातील मोठ्या व्यापारी पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि त्यांत ठेवलेला निधी गेला. फोर्ट विल्यममधून येणारे उत्पन्न आटले होते. ९ जून १८३४ रोजी कॅरीचे व डिसेंबर १८३७ मध्ये मार्शमनचे निधन झाले. सेरामपूर आणि सोसायटी यांची पुन्हा जुळणीही त्याच सुमारास झाली. दरम्यान १८३५ च्या आरंभी मेकॉलेचे टिपण व बेंटिंकचा ठराव यांनी सरकारी निधीचा ओघ इंग्रजी शिक्षणाकडे वळवला होता. देशी भाषांतून उच्च शिक्षण देण्याच्या प्रयोगाला स्वतःचा पैसाही उरला नाही आणि सरकारचा आधारही.

१८४५ मध्ये डेन्मार्कने सेरामपूर, तरंगमबाडी व अन्य जागा ईस्ट इंडिया कंपनीला साडेबारा लाख रुपयांना विकल्या. २२ फेब्रुवारी १८४५ च्या या तहाच्या सहाव्या कलमात महाविद्यालयाचा स्वतंत्र उल्लेख आहे. १८२७ च्या सनदेने मिळालेले हक्क अबाधित राहतील. ते ब्रिटिश सरकारच्याच सनदेने मिळाले आहेत असे मानले जाईल. मात्र ब्रिटिश भारताचा सर्वसाधारण कायदा त्यांना लागू असेल, असे त्यात म्हटले आहे. राज्य गेले, राजा गेला, पण त्याने दिलेला अधिकार दुसऱ्या सत्तेने स्वीकारला.

हा अधिकार वापरणारे मात्र कोणी नव्हते. जॉन क्लार्क मार्शमन १८५० च्या दशकात भारत सोडून गेला आणि महाविद्यालयाची जबाबदारी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीकडे आली. ज्या नियंत्रणातून सुटण्यासाठी सनद उपयोगी पडली होती, तेच नियंत्रण सनदेची चौकट न मोडता परत आले. निर्णय व्यवहारात इंग्लंडमधील समितीकडे गेले. १८५७ मध्ये कलकत्ता विद्यापीठ स्थापन होताच महाविद्यालय त्याला संलग्न झाले. स्वतः पदवी देण्याचा अधिकार असलेली संस्था आपले विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठाच्या परीक्षांना पाठवू लागली. यामागील कारण सरळ होते. सरकारी नोकरीच्या बाजारात मोल होते ते सरकारी विद्यापीठाच्या पदवीला. पदवीचे मूल्य ती देणाऱ्याच्या कागदावर ठरत नाही, ती स्वीकारणाऱ्याच्या दारात ठरते, हे सेरामपूरच्या उदाहरणावरून दिसते. १८८३ मध्ये सोसायटीने महाविद्यालयीन वर्गही बंद केले आणि हिंदू विद्यार्थ्यांना पदवीसाठी तयार करण्यापेक्षा ख्रिस्ती कार्यकर्ते घडवावेत या विचाराने तेथे प्रशिक्षण संस्था चालवली. १८१८ च्या आराखड्यातील खुलेपणा कागदावर राहिला.

७. पुनरुज्जीवन आणि १९१८ चा कायदा

जॉर्ज हॉवेल्स १९०६ मध्ये प्राचार्य झाले आणि त्यांनी जुनी सनद पुन्हा विचारात घेतली. त्यांच्या योजनेची दोन अंगे होती. एक, कला शाखेचे वर्ग कलकत्ता विद्यापीठाच्या संलग्नतेने पुन्हा सुरू करणे. हे १९११ मध्ये घडले. दोन, सर्व पंथांच्या भारतीय ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी धर्मशास्त्राचे उच्च शिक्षण उभारणे आणि त्याच्या पदव्या सनदेच्या आधारे देणे. धर्मशास्त्र विभागाची पुनर्रचना १९१० मध्ये झाली आणि १९१५ मध्ये तिघांना बॅचलर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी मिळाली. याच काळात केरळच्या मलंकर ऑर्थोडॉक्स परंपरेतील पाद्री पी. टी. गीवर्गीस हे हॉवेल्स यांच्या निमंत्रणावरून सेरामपूरला अध्यापक होते. हेच पुढे मार इवानिओस या नावाने ओळखले गेले आणि १९३० मध्ये कॅथलिक चर्चमध्ये गेले. बॅप्टिस्टांनी चालवलेल्या संस्थेत सीरियन परंपरेचा धर्मगुरू अध्यापक म्हणून असावा, यातून १८३३ च्या नियमावलीतील पंथनिरपेक्ष तरतूद आठ दशकांनी प्रत्यक्षात आली.

परंतु एका पंथाच्या सोसायटीने चालवलेल्या संस्थेची पदवी इतर पंथांनी का मान्य करावी, हा प्रश्न उरत होता. त्याचे उत्तर कारभाराच्या रचनेतच शोधावे लागले. बंगाल विधिमंडळाने १९१८ मध्ये सेरामपूर कॉलेज अधिनियम संमत केला. त्याने कौन्सिलचा विस्तार केला आणि त्यात विविध पंथांना स्थान दिले. कौन्सिलकडे मालमत्ता, सर्वसाधारण कारभार आणि पदवीदानाचा औपचारिक अधिकार राहिला. अभ्यासक्रम, परीक्षा व पदवीच्या अर्हता ठरवण्यासाठी अनेक पंथांचे प्रतिनिधित्व असलेली स्वतंत्र सिनेट निर्माण झाली. धर्मशास्त्राखेरीज अन्य विद्याशाखांत पदव्या द्यावयाच्या तर अध्यापकवर्ग, साधने व निधी पुरेसा असल्याची सरकारची खात्री पटवणे आवश्यक ठरले. राजाच्या सनदेने विद्याशाखांचा भेद केला नव्हता. कायद्याने तो व्यवहारात आणला. परिणामी धर्मशास्त्रात सेरामपूर हे विद्यापीठ ठरले आणि कला, विज्ञान यांत ते दुसऱ्या विद्यापीठाचे संलग्न महाविद्यालय राहिले. एकाच आवारातील ही दुहेरी रचना आजही टिकून आहे.

सिनेटची निर्मिती ही या इतिहासातील निर्णायक घटना मानावी लागते. तिच्यामुळे सेरामपूर हे एका गावातील महाविद्यालय न राहता देशभरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयांना संलग्नता देणारी यंत्रणा बनले. बेंगळूरुचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, कोट्टयमच्या सीरियन परंपरेतील सेमिनरी, चेन्नईचे गुरुकुल अशा निरनिराळ्या परंपरांच्या संस्था तिच्या कक्षेत आल्या. एकेकाळी सेरामपूरच्या अगदी उलट तत्त्वावर उभे राहिलेले बिशप्स कॉलेजही तिच्याशी संलग्न झाले. महाराष्ट्रात १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झालेली आणि १९८३ मध्ये पुण्यात आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी हीदेखील याच सिनेटशी जोडलेली आहे. ज्या गावी मराठीचा पहिला मोडी कोश छापला गेला, त्या गावाशी महाराष्ट्राचे संस्थात्मक नाते असे पुन्हा जुळले. मात्र ते भाषेच्या मार्गाने जुळले नाही, परीक्षा व पदवी यांच्या मार्गाने जुळले.

भाषेचा प्रश्न नव्या रचनेतही मागेच राहिला. बहुपंथीय आणि बहुप्रांतीय संस्थेला सामाईक भाषा हवी होती आणि ती इंग्रजी ठरली. उच्च धर्मशास्त्रीय शिक्षणाचे मुख्य माध्यम दीर्घकाळ इंग्रजीच राहिले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या मदुरै येथील तमिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरीने तमिळमधून पदवी-शिक्षणाचा मार्ग घेतला, हे लक्षणीय उदाहरण आहे. १८१८ च्या आराखड्यातील एक कल्पना दीड शतकाने, दुसऱ्या भाषेत आणि दुसऱ्या पंथांच्या पुढाकाराने, अंशतः साकार झाली.

८. निष्कर्ष

सेरामपूरच्या इतिहासात तीन गोष्टी टिकल्या आणि एक टिकली नाही. पदवी देण्याचा अधिकार टिकला. प्रवेशातील भेदभावाची मनाई टिकली. पंथाच्या नावापेक्षा व्यापक असलेली कारभाराची चौकट टिकली. या तिन्ही गोष्टी कागदावर लिहिल्याने टिकण्याजोग्या होत्या. अधिकार वापरला नाही तरी तो पडून राहू शकतो. मनाईला वार्षिक खर्च लागत नाही. देशी भाषांतून उच्च विद्या देण्याची योजना मात्र तशी नव्हती. तिला दरवर्षी पंडित लागत, पाठ्यपुस्तके लागत, छपाई लागे आणि ती विकत घेणारा कोणीतरी लागे. संस्थापकांची कमाई थांबली, सरकारी मागणी बदलली, पुरस्कर्त्या सोसायटीचा अग्रक्रम वेगळा ठरला आणि ही योजना विरली. तिच्याविरुद्ध कोणी ठराव केला नाही. तिच्यासाठी तरतूद करणारे कोणी उरले नाही.

मराठीच्या बाबतीत हे अधिकच ठळकपणे जाणवते. बंगालीला सेरामपूरमध्ये छापखाना, नियतकालिके, महाविद्यालय आणि भोवतालचा बंगालीभाषक समाज असा चौपदरी आधार होता; म्हणून फोर्ट विल्यमचा आश्रय सुटल्यावरही तेथे सुरू झालेले बंगाली गद्य वाढत राहिले. मराठीला छापखान्याचा एकपदरी आधार होता आणि तोही सरकारी खरेदीवर अवलंबून. म्हणून पंडित वैजनाथ यांच्या पुस्तकांना सेरामपूरमध्ये वारस मिळाला नाही. मराठी गद्याचे पुढचे टप्पे, मोल्सवर्थचा १८३१ चा कोश आणि दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे १८३६ चे व्याकरण, हे मुंबईतून आले. तेथे शाळा, छापखाने आणि मराठी वाचक एकत्र होते.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासात सेरामपूरकडे भाषांतरांचे कोठार म्हणून पाहिले गेले आहे. त्याच्या सनदा, नियमावल्या आणि अधिनियम ही साहित्याच्या इतिहासाचीही साधने मानली पाहिजेत. कोणत्या भाषेतील ग्रंथ कोठे, कधी आणि कोणासाठी निर्माण झाला, याची उत्तरे ग्रंथाच्या मुखपृष्ठाइतकीच संस्थेच्या घटनेत आणि तिच्या हिशेबात सापडतात. बंगाली राजाचे चरित्र मराठीत मोडी वळणाच्या काळात का आले, हे प्रतापादित्याच्या कथेवरून कळत नाही. ते कळते फोर्ट विल्यमच्या वर्गावरून, सेरामपूरच्या समाईक कोषावरून आणि त्या कोषावर कोणाचा अधिकार चालावा यासाठी झालेल्या दीर्घ वादावरून.